आधी सोडायला शिका, मग बांधा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. लग्नाला सहा वर्षं झाली, दोघांनीही तिशी ओलांडली आहे. बांधून घ्यायला आवडेल, हे तुमच्या पत्नीनंच सांगितलं. एका रात्री तुम्ही रेशमी स्कार्फनं त्यांचे हात पलंगाच्या कठड्याला बांधले. त्या हात ओढत गेल्या तशी गाठ आवळत गेली, मग ती सुटेचना, आणि शेवटी स्वयंपाकघरातली सुरी आणून स्कार्फ कापावा लागला. तोवर त्यांच्या उजव्या अंगठ्याची पाठ बधिर झाली होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ववत झाली. त्यांना अजूनही करून बघायचंय, तुम्हाला मात्र आता दोरीकडे बघायचीही भीती वाटते. हे चुकीचं तर नाही ना, आणि करायचंच तर नीट कसं करायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. हाताच्या दुखापतींवर बरीच वर्षं काम केलं, पुढे जोडप्यांच्या लैंगिक समुपदेशनाकडे वळले. आमच्या घरातही दोरी आहे आणि ती वापरात आहे. त्यामुळे बांधण्यातला आनंद मला ठाऊक आहे आणि ते चुकल्यावर हाताचं काय होतं तेही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेलं बॉन्डेज, म्हणजे बांधण्याचा हा खेळ, हा आजार नाही आणि विकृतीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत असल्या आवडीनिवडींना विकाराचं लेबल होतं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ते काढून टाकलं आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१३ मध्येच वेगळी आवड असणं आणि विकार असणं या दोन निराळ्या गोष्टी मानल्या. प्रश्न फक्त संमतीचा आणि काळजीचा उरतो. संमती तुमच्याकडे होती. काळजी घ्यायची तुमची इच्छाही होती, पण ती कशी घ्यायची हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री चुकलं काय? आपल्या भाषेत गाठींचे दोन प्रकार पूर्वीपासून आहेत. सुरगाठ म्हणजे टोक ओढलं की सुटणारी, निरगाठ म्हणजे ओढलं की आणखी आवळणारी. रेशमी स्कार्फ, टाय, नायलॉनचे मोजे यांची अडचण अशी की त्यांना कुठलीही गाठ मारा, ताण पडला की तिची निरगाठ होते. कापड निसरडं असतं, ते पिळवटून सुतळीसारखं बारीक होतं आणि गाठीच्या पोटात रुतून बसतं. चित्रांत स्कार्फ फार नाजूक दिसतो. प्रत्यक्षात नवख्या माणसानं हातात घेऊ नये अशा वस्तूंत मी त्याला वरचा नंबर देईन.

आता अंगठ्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच.

मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. घोळ तिथूनच सुरू होतो. ‘नस दबली’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर रक्त अडल्याचं चित्र येतं, आणि मग तो हाताचा रंग बघत बसतो. रक्त अडलं तर अख्खा हात जड होतो, गार पडतो, लालसर-जांभळा दिसतो, हळूहळू मुंग्या येतात. सोडलं की दोन-चार मिनिटांत बहुतेक ठीक होतं. मज्जातंतू दबला तर मात्र हाताचा रंग अगदी नेहमीसारखा असू शकतो. एखादंच बोट किंवा कातडीचा एखादाच पट्टा बधिर होतो, विजेसारखी झिणझिणी येते. कधी काहीच दुखत नाही, नुसती ताकद जाते. म्हणजे हात गुलाबी आहे, ऊबदार आहे, आणि तरीही आत नुकसान चालू आहे, असं होऊ शकतं. तुमच्या पत्नीच्या बाबतीत बहुधा मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूनं, कातडीच्या अगदी खालून जाणारी मज्जातंतूची शाखा हाडावर दाबली गेली. घट्ट बेड्या घातलेल्या माणसांनाही नेमकं हेच होतं. थोडाच वेळ दाब होता म्हणून ती काही तासांत सावरली.

थोडाच वेळ हे शब्द हलके घेऊ नका. दाबानं तंतूचं नुसतं वरचं आवरण दुखावलं तर काही दिवसांपासून काही आठवड्यांत तो बरा होतो. आतला धागाच तुटला तर तो पुन्हा वाढतो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. दंडापासून हातापर्यंतचं ३० सेंटिमीटर अंतर मनात धरा आणि हिशोब करा. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. सकाळी चहाचा कप उचलायला गेल्या तर मनगट वर होईना, हात पाण्याबाहेर काढलेल्या फुलासारखा खाली लोंबत होता. आदल्या रात्री दंडांवरून दोरी होती, अर्धा तास. मी विचारलं, त्या वेळी काही जाणवलं नाही का? म्हणाल्या, दहाव्या मिनिटालाच हाताच्या पाठीवर मुंग्या आल्या होत्या, पण त्याचा मूड जाईल म्हणून बोलले नाही. सात आठवडे स्प्लिंट लावून हात पूर्ण बरा झाला. नवरा प्रत्येक वेळी बरोबर यायचा आणि बाहेर खाली मान घालून बसायचा. दोरी चुकीच्या जागी होती हे खरंच, पण हात गेला तो दहाव्या मिनिटानंतरच्या वीस मिनिटांत, ती गप्प राहिली म्हणून.

म्हणून तुम्हा दोघांना माझं पहिलं सांगणं असं आहे: बांधलेल्या माणसानं बोलणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. ‘अंगठ्याला मुंग्या येताहेत’ ही तक्रार नव्हे, ती माहिती आहे, आणि ती फक्त त्याच्याकडेच आहे. बांधणाऱ्यानं ती ऐकल्यावर चेहरा पाडायचा नाही, ‘एवढ्यात?’ असं विचारायचं नाही. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणायचं आणि लगेच सोडायचं. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही कसे वागता त्यावर पुढे त्या बोलणार की सोसणार हे ठरतं.

तपासण्या तीनच आहेत, आणि हात मोकळे असतानाच करून ठेवा, म्हणजे नेहमीचं काय ते कळेल. मनगट आणि बोटं मागे, वरच्या दिशेला ताणता येतात का. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावता येतं का. पाची बोटं पंख्यासारखी पसरता येतात का. या तिन्ही हालचाली हातातल्या तीन वेगवेगळ्या मुख्य मज्जातंतूंच्या आहेत. शिवाय तीन ठिकाणी बोटानं हलकं घासून विचारा: अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्याची पाठ, तर्जनीचं टोक, करंगळीचं टोक. तिन्हीकडे सारखं लागतंय का? दर चार-पाच मिनिटांनी हे करा. हात हातात घेऊन बोटांवरून बोट फिरवणं यात रसभंग होण्यासारखं काही नाही, मला तर तो या खेळातला सगळ्यात जवळिकीचा क्षण वाटतो. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे, ही रक्ताची तपासणी. ती करा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका.

काही जागा दोरी-पट्ट्याला कायमच्या वर्ज्य समजा. मान, कुठल्याही कारणानं, कितीही सैल. काख. कोपराची आतली बाजू आणि ते हाड, जे कुठे आपटलं की करंगळीपर्यंत कळ जाते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली लागणारा हाडाचा उंचवटा, कारण तिथे दाब आला तर पाऊल उचलता येईनासं होतं. जांघ. दंडांवर बांधणं हे शिकलेल्यांचं काम आहे, पहिल्या वर्षात तिकडे वळू नका. मनगटावर बांधताना ऐन घडीवर न बांधता दोन बोटं वर, कोपराच्या दिशेला मांसल भागाकडे सरका.

साहित्य. तुमच्यासाठी पहिल्या वेळी दोरी नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. चार-पाच सेंटिमीटर रुंद, आतून मऊ अस्तर असलेले वेल्क्रोचे पट्टे घ्या. दाब पसरतो, गाठीचा प्रश्नच उरत नाही आणि एका हिसक्यात ते निघतात. बांधलेल्या माणसाला स्वतःलाही ते काढता आले तर उत्तमच. त्यात मजा नाही असं वाटेल, पण पहिल्या खेपेला ‘मी हलू शकत नाही’ एवढी जाणीव पुरेशी असते, ती खरी असायची गरज नसते. धातूच्या बेड्या घेऊ नका. त्या हाडावर टोचतात, हालचालीबरोबर आवळत जाऊ शकतात आणि त्यांना किल्ली असते. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत ती किल्ली अंधारात पलंगाखाली गेली. माझा जोडीदार ती चाचपडत होता तेवढी सात-आठ मिनिटं मी जितकी घाबरले तितकी त्यानंतर कधी घाबरले नाही. बेड्या दुसऱ्याच दिवशी टाकून दिल्या. प्लॅस्टिकचे केबल टाय, वायर, बारीक सुतळी, चिकटपट्टी यांचं तर नावच काढू नका.

आणि कात्री. सुरी कदापि नाही. घाबरलेल्या हातानं कातडी आणि कापड यांच्यामध्ये सुरीचं टोक घालणं म्हणजे काय, ते तुम्ही त्या रात्री अनुभवलंच आहे. रुग्णवाहिकेत बँडेज कापायची बोथट टोकाची, वाकड्या पात्याची कात्री असते, तशी एक घ्या. ती खणात नको, हात पोचेल अशी उघड्यावर ठेवा, आणि एकदा जुन्या दोरीवर चालवून बघा. वेळ आली तर दोरीच्या किमतीचा विचार न करता कापा.

पट्टे अंगवळणी पडले की दोरी. सुती किंवा तागाची, ६ मिलिमीटरच्या आसपास जाडीची, सुरुवातीला चार-पाच मीटर लांबी पुरते. शिकायचं आधी स्वतःच्या मांडीवर. दोरी मधोमध दुमडा. दुमडलेल्या बाजूनं मांडीभोवती दोन वेढे घ्या, म्हणजे चार पदर शेजारी-शेजारी सपाट बसतील. एकावर एक चढू देऊ नका. दुमडलेलं गोल टोक मोकळ्या दोरीवरून आडवं न्या, सगळ्या पदरांच्या खालून बाहेर काढा आणि मोकळ्या दोरीशी त्याची गाठ मारा. पदरांखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. आता मोकळी दोरी जोरात ओढा. वेढा आवळला तर चुकलं, सोडून पुन्हा करा. अजिबात आवळला नाही तर जमलं. यानंतर डोळे मिटून ती गाठ सोडायचा सराव करा, मग डाव्या हातानं. दहा सेकंदांत सुटायला लागेपर्यंत ती दोरी माणसाच्या मनगटाला लावू नका. जपानी पद्धतीच्या बांधणीची छायाचित्रं पाहून लोकांना वाटतं की बांधणं म्हणजेच कौशल्य. त्या छायाचित्रांमागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. कुणालाही टांगून ठेवण्याच्या फंदात घरच्या घरी पडू नका.

या सगळ्याआधी एक बोलणं व्हायला हवं, आणि ते अंथरुणात नको. कपडे घातलेले असताना, उजेडात, समोरासमोर बसून. ‘तुला बांधलेलं आवडेल’ हे वाक्य फार मोघम आहे. हात पुढे की डोक्याजवळ? पाय मोकळे? डोळ्यांवर पट्टी? बांधल्यावर तू मला कुठे हात लावलेला चालेल, कुठे नाही? संभोग हवा की आज नुसतंच बांधणं? एका जोडप्यातली बायको माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाली, “अरे, मला फक्त हात धरून ठेवलेले आवडतात. तू दोरी, पट्टी, मेणबत्ती सगळंच घेऊन आलास.” तो इतका सुटल्यासारखा हसला की दोघांचा अर्धा प्रश्न तिथेच मिटला. जे आधी ठरलं नाही ते त्या वेळी नवीन सुचलं तरी करायचं नाही. बांधलेल्या, तापलेल्या अवस्थेत दिलेला होकार माझ्या दृष्टीनं कच्चा असतो, त्यावर नवीन काही उभारू नये. ठरलेल्यातून कमी मात्र कधीही, कुणीही करू शकतं.

तब्येतीचंही विचारा, एकमेकांचं सहा वर्षांपासून माहीत असलं तरी. खांदा कधी निखळलाय का, कार्पल टनेलचा (मनगटात मज्जातंतू दबण्याचा) त्रास, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा, चक्कर येण्याची सवय, गरोदरपण. यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पूर्वी कुणी जबरदस्तीनं धरून ठेवल्याची आठवण असेल तर ती कुठल्याही क्षणी उसळून येऊ शकते; ती सांगायची की नाही हे त्या माणसानं ठरवायचं, पण ‘मला अमुक नको’ एवढं सांगितलं तरी त्यावर ‘का?’ विचारू नका. त्या दिवशी दारू नको, दोघांनाही. दारूनं बधिरपणा कळत नाही आणि गाठ सुटत नाही.

थांबण्याचे शब्द ठरवा. सिग्नलचे रंग सगळ्यांच्या लक्षात राहतात: पिवळा म्हणजे जरा थांब, काहीतरी बदल; लाल म्हणजे सगळं बंद, लगेच सोड. ‘नको, नको’ हे खेळात लाडानंही म्हटलं जातं, म्हणून वेगळा शब्द लागतो. पण पहिल्या काही वेळा मी जोडप्यांना सांगते की साध्या ‘नको’लाही थांबायचंच. बोलायला सुचेनासं होतं अशी माणसं असतात, त्यांच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा द्या. तो खाली पडला की थांबायचं. तोंडात बोळा किंवा तोंडावर पट्टी इतक्यात नकोच.

आणि पहिल्यांदा तुम्हाला बांधू द्या. हो, तुम्हाला. पाच मिनिटं, त्यांच्या हातून. बांधून घेण्यात काय असतं हे कळेल आणि तुमची भीतीही त्यांच्यासमोर मोकळी होईल. ती लपवून बांधायला बसलात तर हात थरथरतील आणि त्यांना वाटेल, याला हे नकोच आहे.

मग त्यांची पाळी. दार लावलेलं, खोली ऊबदार, गाठ आणि बोटं दिसतील इतका उजेड, फोन जवळ, कात्री उशाशी. त्यांना पाठीवर झोपवून किंवा टेकून बसवून ठेवा, हात पोटासमोर. उभं ठेवू नका. चक्कर आली तर बांधलेल्या माणसाला पडताना हात टेकता येत नाहीत. हात पाठीमागे बांधून पालथं झोपवणं तर अजिबात नको, छाती दबून श्वास कोंडू शकतो. डोक्यावर हात आवडत असतील तर कोपरं वाकलेली ठेवा आणि त्याला वेळ कमीच द्या. पट्टा लावा, दोन बोटं घालून बघा, तीन हालचाली करून घ्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुष्कळ झाली. त्या दहा मिनिटांत खोलीबाहेर जायचं नाही, बेल वाजली तरी, पाणी आणायलाही नाही. तुमचं लक्ष त्यांच्या श्वासाकडे असू द्या. श्वास उथळ आणि भरभर झाला, डोळे एका जागी खिळले, उत्तरं यायची थांबली, तर लाल ऐकायची वाट पाहू नका.

घाबरगुंडी उडाली तर क्रम असा: आधी सोडा, मग बोला. ‘काय झालं?’ विचारत बांधलेल्या माणसासमोर बसू नका. शांत आवाजात ‘सोडतोय, हात मोकळा होतोय’ एवढंच म्हणत सोडा. मिठी मारायची का ते विचारून मारा, काहींना त्या क्षणी कुणाचाही स्पर्श नको असतो.

सोडल्यावर हात एकदम खाली झटकू नका, खांद्यापासून हळूहळू हलवा. पाणी, पांघरूण, शेजारी पडून राहणं. अंगावरचे दाबाचे वळ बहुतेक काही तासांत जातात. हातातली ताकद कमी वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि नुसता बधिरपणा असला तरी तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला तर जा. तिथे झालं ते खरं सांगा. ‘रात्री हातावर झोपले’ असं सांगितलं तर दाब नेमका कुठे आला हे शोधण्यात त्यांचा वेळ जातो.

मनाचा हिशोब थोडा उशिरा येतो. खेळात अंगात चढलेला जोर उतरला की एखाद-दोन दिवसांनी उदास, रडवेलं वाटू शकतं, बांधलेल्यालाही आणि बांधणाऱ्यालाही. ‘मी तिच्याशी असं कसं वागलो’ हा विचार तुमच्या मनात येण्याची शक्यता मोठी आहे. तो आला तर त्यांना सांगा आणि त्यांच्याच तोंडून ऐका की त्यांना कसं वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा एकदा, उजेडात, बसून बोला: काय आवडलं, काय नाही, कुठे बोलायचं होतं पण बोलवलं नाही. दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट वाढवा. पाच मिनिटं जास्त, किंवा पायांचे पट्टे, किंवा डोळ्यांवरची पट्टी. तिन्ही एकदम नको.